मराठी सिनेमाला किती ग्रेस मार्क द्यायचे? (अलीकडे पाहिलेलं, मोकळेपणानं)

मधली_रांग
परवा नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मराठी सिनेमाबद्दल लिहिलं, 'सुंदर अनुभव, सगळ्यांनी थिएटरात जाऊनच बघा.' खाली अकरा अंगठे. फोन ठेवते तर नवरा म्हणतो, "मग मध्यंतरानंतर घोरत कोण होतं?"

मीच घोरत होते. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की मराठी सिनेमाबद्दल आपण (निदान मी तरी) कधी खरं बोलतच नाही. हिंदी फसला की पार्किंगमध्ये पोचायच्या आत पंचनामा तयार. मराठी फसला की 'प्रयत्न प्रामाणिक आहे', 'विषय वेगळा आहे', आणि अगदीच काही सुचलं नाही तर 'छायाचित्रण छान आहे'. छायाचित्रण छान आहे याचा अर्थ काय ते इथे सगळ्यांना कळतं.

तर इथे खरं बोलायचं. सुरुवात माझ्यापासून.

'दशावतार' : दिलीप प्रभावळकर ऐंशीच्या पुढे आहेत आणि या वयात ते जे करतात ते बघून तोंडात बोट गेलं. बाप-लेकाचा भाग, त्या रात्री, ते रंग, सगळं आवडलं. पुढे गोष्ट सूडाच्या रुळावर गेली आणि शेवटचं स्टेशन मला लांबूनच दिसायला लागलं. ग्रुपवर लिहिलं होतं 'अप्रतिम'. खरं मत, अर्धा अप्रतिम.

'छावा' : हिंदी असला तरी विषय घरचा, म्हणून इथे. २ तास ४१ मिनिटं आणि त्यातला बराच वेळ कोणीतरी गर्जत असतं. डोकं दुखलं. हे बोलायचीही सोय नाही, लगेच 'तुम्हाला महाराजांबद्दल आदर नाही का?' आदर महाराजांबद्दल आहे हो, लाऊडस्पीकरबद्दल नाही.

'आता थांबायचं नाय!' : याला ग्रेस नको, स्वतःच्या अभ्यासावर पास. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कर्मचारी दहावीला बसतात, गोष्ट एवढीच. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघांनीही हात आखडता ठेवलाय आणि तेच भावतं. रडले.

'पंचायत'चा चौथा सीझन : निवडणूक, मग निवडणूक, त्यानंतर निवडणूक.

मालिका : बघत नाही. ओट्याशी उभी राहून ऐकते.

आता तुम्ही सांगा. कुणाला उगाच पास केलंत?

आगाऊ_कार्टं
आधी घोरलात तो सिनेमा कोणता ते सांगा.

मधली_रांग
नाही सांगणार. त्यातली एक अभिनेत्री नवऱ्याच्या मामेबहिणीची मैत्रीण आहे.

शेंगदाणा
'छायाचित्रण छान आहे' >>> हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आमच्याकडे याला 'मुलगी सुस्वभावी आहे' म्हणतात.

सासूबाईंचा_रिमोट
>>> ओट्याशी उभी राहून ऐकते >>> यावर वेगळा धागा निघू शकतो. मालिका मुळात ऐकण्यासाठीच लिहितात असं माझं ठाम मत आहे. पोळी तव्यावर असताना डोळे टीव्हीवर नसतात, म्हणून तर मनातलं बोलणंही मोठ्यानं ऐकवतात आणि प्रत्येक धक्क्याला तीनदा ढँण. बघणाऱ्याला ते चीड आणतं, लाटणाऱ्याला सोयीचं पडतं.

मीही आधी नाकं मुरडायची. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसावं लागलं, तेव्हा 'ठरलं तर मग' अंगवळणी पडली. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली मालिका. खरी तन्वी कोण हे आम्हाला सुरुवातीपासून माहीत. अर्जुन एवढा हुशार वकील, त्याला स्वतःच्या बायकोबद्दलची ही एक गोष्ट कळायला किती वर्षं लागावीत? सासूबाई रोज टीव्हीला सांगायच्या, "अरे मेल्या, शेजारी बसलीय ती." पण चुकवायच्या नाहीत.

पूर्णा आजी करणाऱ्या ज्योती चांदेकर ऑगस्ट २०२५ मध्ये गेल्या. त्या दिवशी सासूबाईंनी टीव्ही लावलाच नाही. पुढे रोहिणी हट्टंगडी त्या भूमिकेत आल्या. सासूबाईंनी दोन दिवस बारीक नजरेनं पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगलं करतात. पण पदर वेगळा घेतात." कुठल्याही समीक्षकानं एवढं नीट पाहिलं नसेल.

तर ग्रेस द्यायचेच तर मी मालिकेला देईन. सिनेमा वर्षातून चारदा आपली करमणूक करतो, मालिका आठवड्यातून सहा-सात दिवस म्हातारं माणूस सांभाळते.

उगाचच
भावनेच्या भरात काहीही. मालिका माणूस सांभाळत नाही, सवय लावते. १९९९ ची 'आभाळमाया' किंवा 'प्रपंच' आठवा. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवड्यातून एकदा यायची आणि आठवडाभर पुरायची. तेच प्रभावळकर, आबा. आता महाएपिसोड, महासंगम, महासप्ताह. सगळंच महा, गोष्ट तेवढी सूक्ष्म.

सासूबाईंचा_रिमोट
टिपरे मलाही प्रिय आहेत. पण उगाचच भाऊ, आठवड्याला एक भाग लिहायचा आणि रोज एक भाग लिहायचा यात फरक आहे की नाही? सकाळी सीन हातात येतो, रात्रीपर्यंत शूट, दोन-तीन दिवसांत टीव्हीवर. नटाला ताप आला की पात्र तडकाफडकी गावाला. तुम्ही रोज एक निबंध लिहून दाखवा, त्यातही एकाला स्मृतिभ्रंश होईल.

आगाऊ_कार्टं
उगाचचचे प्रतिसाद वाचून होतोय ऑलरेडी.

कुडाळचो_पावणो
'दशावतार'बद्दल. पिक्चर बरो आसा, मालवणी मात्र अर्धी शिजलेली. काही जण झकास बोलतत, काही जण पुण्यात शिकल्यासारखे.

आता प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर अर्धे लोक पळतील. आमच्याकडे जत्रेत रात्री पालखी झाली की देवळासमोर दशावतार सुरू होतो तो उजाडेपर्यंत. आधी आड दशावतार, त्यात संकासुर राक्षस येतो, मग आख्यान. पायपेटी, मृदंग, झांज. बायांची कामं पुरुषच करतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली, बोलणं जागच्या जागी. राजाचं काम करणारा माणूस दिवसा शेतात किंवा दुकानात असतो आणि रात्री दोन वाजता रामायण-महाभारताचे दाखले देत समोरच्याला निरुत्तर करतो. लहानपणी आम्ही गोणपाटावर झोपायचो आणि संकासुर आला की उठवा असं सांगून ठेवायचो.

हे उत्स्फूर्त बोलणं सिनेमात हवं होतं. प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री रंग लावताना दिसतो, नाचताना दिसतो, पण रंगमंचावर दुसऱ्या नटाला शब्दात पकडून लोळवतो असं एखादं लांब दृश्य असतं तर थिएटर डोक्यावर घेतलं असतं आम्ही. सिनेमाला वेश दिसला, वाणी निसटली.

तरी मी दोनदा बघितला. दुसऱ्यांदा आईला घेऊन. तिला विचारलं, कसा वाटला? म्हणाली, "तो म्हातारो थंडीत पाण्यात कित्या उतरलो? सर्दी झाली असती." तिच्यासाठी तो बाबुलीच होता, नट नव्हता. आता याला किती मार्क द्यायचे ते तुम्हीच ठरवा.

मधली_रांग
पावणेबुवा, दंडवत. 'वेश दिसला, वाणी निसटली' हे मला म्हणायचं होतं, सुचलं नव्हतं. आईंना नमस्कार सांगा.

कानसेन
>>> डोकं दुखलं >>> थोडा माझ्या धंद्यातला विषय म्हणून लिहितो. लांब होईल.

थिएटरातल्या साउंड प्रोसेसरवर आवाजाचा एक आकडा असतो. मिक्सिंग करताना तो ७ वर ठेवून सिनेमा ऐकतात, तो ठरलेला मापदंड आहे. म्हणजे थिएटरातही ७ वर लावलं तर दिग्दर्शकानं ऐकलं तेच तुम्हाला ऐकू यायला हवं. प्रत्यक्षात काय होतं? प्रेक्षक तक्रार करतात की फार मोठा आवाज आहे, मग मॅनेजर ५ वर आणतो, कधी साडेचारवर. त्यात हळू आवाजातले संवाद बुडतात. पुढच्या वेळी निर्माता म्हणतो, माझा सिनेमा थिएटरात मिळमिळीत वाजतो, जोरात मिक्स करा. आम्ही जोरात करतो. मॅनेजर आणखी खाली आणतो. ही रस्सीखेच वर्षानुवर्षं चालू आहे, आणि दोरी म्हणजे तुमचे कान.

'छावा'त मला रहमानची गाणी कमी खटकली, पार्श्वसंगीत जास्त. सतत वरच्या पट्टीत असलं की कानाला उंची कळत नाही. डोंगर दाखवायचा तर दरीही दाखवावी लागते. शेवटी साखळदंडात संभाजी महाराज आणि कवी कलश एकमेकांशी बोलतात तिथे जरा शांतता आहे आणि बघा, अख्ख्या सिनेमात लोकांना तेच लक्षात राहिलं. विनीत कुमार सिंह काय बोलला आहे! सिनेमा बघून दोन-तीन दिवस माझ्या डोक्यात विकी कौशल नव्हता, कवी कलश होते.

ग्रेस मार्कांबद्दल म्हणाल तर मराठीत आवाजाला सगळ्यात शेवटी पैसे उरतात. सेटवर एकच लॅव्हेलियर माइक (कपड्याला अडकवतात तो छोटा) दोघांना आलटून पालटून लावताना मी पाहिलाय. तिथे मी ग्रेस देतो. पण वाईट डबिंगला देत नाही, ओठ एकीकडे नि शब्द दुसरीकडे, ते आळसाचं काम आहे.

शेंगदाणा
कानसेन, तुमचा प्रतिसाद ७ वर वाचला.

बॅकबेंचर
मला मूळ प्रश्नच पटत नाही. ग्रेस द्यायलाच हवेत. हिंदीवाल्यांच्या नुसत्या व्हॅनिटी व्हॅनच्या भाड्यात आपला सिनेमा होतो. 'धुरंधर'चं बघा, साडेतीन तासांचा सिनेमा आणि वर दुसरा भाग वेगळा. आपला निर्माता तीस दिवसांत सगळं उरकतो, जेवणावळीसकट. दोघांना एकच फूटपट्टी लावणं हा न्याय नव्हे.

अनवट_अनघा
बॅकबेंचर, पूर्ण असहमत. प्रेक्षक तिकीट काढतो तेव्हा निर्मात्याचा ताळेबंद मागत नाही. पैसा कमी असणं आणि पटकथा ढिली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पटकथेला कागद आणि वेळ लागतो, क्रेन लागत नाही.

'वाळवी' घ्या. चार माणसं, दोन-तीन जागा. परेश मोकाशींनी असं काही घट्ट विणलंय की मधला एक धागा ओढला तर सगळं उसवेल. ७० व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला तो काही बजेटवर नाही.

आणि 'सबर बोंडं'. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. रोहन कानवडेंची पहिली फीचर फिल्म. मुंबईत राहणारा तिशीतला आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या दुखवट्याला गावी येतो आणि त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या त्याला भेटतो. कॅमेरा हलत नाही, संगीताचा मारा नाही. नातेवाईक सुतकाचे नियम सांगत राहतात, हे खा, ते खाऊ नको, पायात घालू नको, आणि मधूनच 'लग्न कधी?' सुतकाच्या घरात एवढं खरं बोलणं मी मराठी पडद्यावर ऐकलं नव्हतं. आनंदची आई झालेल्या जयश्री जगताप यांनी तर कमाल केली आहे, मुलाबद्दल तिला सगळं माहीत आहे आणि ती ते किती साधेपणानं पेलते. (सबर म्हणजे निवडुंग, त्याचं ते लाल फळ. काटे काढून खायचं.)

कुठे लागतात ग्रेस?

बॅकबेंचर
'सबर बोंडं' मी पण पाहिला. थिएटरात आम्ही सात जण होतो. त्यातले दोघं मध्यंतराला गेले. खरं सांगायचं तर मला संथ वाटला, आणि हे लिहायला दोन मिनिटं विचार केला, कारण पारितोषिकवाल्या सिनेमाला संथ म्हटलं की आपण अडाणी ठरतो. हा ग्रेसच झाला ना? परदेशातून शिक्का आला की दहा मार्क वाढतात.

अनवट_अनघा
हा मुद्दा मान्य. संथ वाटला तर वाटला म्हणा. मी भांडणार नाही. (मनात भांडेन.)

तिकीटखिडकी
सात जण होते म्हणजे शो झाला हे नशीब. आमच्या चुलत्यांचं तालुक्याच्या गावी एकपडदा थिएटर आहे, लहानपणापासून तिथेच वाढलो, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

मराठी सिनेमा चालत नाही म्हणून शो मिळत नाही की शो मिळत नाही म्हणून चालत नाही, यावर लोक आयुष्यभर वाद घालतील. दोन्ही खरं आहे. २०१५ मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवणं सक्तीचं केलं. बराच गदारोळ झाला. मग ठरलं की प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ. आता दुपारी सव्वाबाराला मंगळवारी कोण येणार सिनेमाला? रजेवर असलेला माणूस आणि पळून आलेली जोडपी. नियम पाळला गेला, खुर्च्या रिकाम्या.

दुसरं असं की पहिल्या आठवड्यात तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा वितरकाकडे जातो, पुढच्या आठवड्यांत थिएटरचा वाटा वाढत जातो. हिंदीत २००९ च्या निर्माते-वितरकांच्या संपानंतर वितरकाच्या वाट्याची ५०, ४२.५, ३७.५, ३० टक्के अशी उतरण ठरली. म्हणजे सिनेमा टिकला तर थिएटरवाल्याला गोडी. मराठी सिनेमा तोंडी प्रसिद्धीवर चालतो, तिला आठ-दहा दिवस लागतात. तेवढ्यात पुढच्या शुक्रवारचा हिंदी येऊन खुर्चीवर बसतो. 'बाईपण भारी देवा' २०२३ मध्ये आला तेव्हा चुलते म्हणाले, पहिल्यांदा असं झालं की बायकांचे गट येऊन 'पुढच्या आठवड्यात आहे ना?' असं विचारून जायचे. दुसऱ्या आठवड्यात पहिल्यापेक्षा गर्दी. तिथे कुणी सिनेमा 'जगवायला' आलेलं नव्हतं. मजा करायला आलेल्या होत्या, नऊवारी नेसून.

म्हणून 'मराठी सिनेमा जगवा' हे वाक्य मला आवडत नाही. आयसीयूमधल्या पेशंटला भेटायला आल्यासारखं वाटतं. संत्री घेऊन.

शेंगदाणा
संत्री घेऊन! वारलो.

नादखुळा_७७
ताई, 'पंचायत'बद्दल तुमच्याशी सहमत. पहिल्या सीझनमध्ये एक खुर्ची, एक मॉनिटर, एक सौरदिवा एवढ्यावर भाग व्हायचा. दुसऱ्याच्या शेवटी प्रल्हादचाचांनी रडवलं. चौथ्यात लौकी विरुद्ध प्रेशर कुकर यात आठ भाग गेले. आम्ही गावाकडचे, आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक याहून भारी असते आणि फुकट असते.

रच्याकने (म्हणजे जाता जाता), चांगलं बघायचं असेल तर 'पाताल लोक'चा दुसरा सीझन बघा. जयदीप अहलावत नुसता पायऱ्या चढतो तरी बघत बसावंसं वाटतं. फक्त अन्सारीचं जे केलं त्यांनी...

अनवट_अनघा
अहोऽऽ! स्पॉयलर!

नादखुळा_७७
काय केलं ते कुठे सांगितलं? बढतीही असू शकते.

आगाऊ_कार्टं
आज रात्री बघणार होतो. आता आठही भाग अन्सारीकडे संशयानं बघत काढणार.

वाचनमात्र_होते
पहिल्यांदाच लिहितेय. मला 'अ‍ॅडोलेसन्स' या ब्रिटिश वेबमालिकेबद्दल सांगायचं आहे. मराठी नाही, चालेल ना? चारच भाग, प्रत्येक भाग एका सलग टेकमध्ये. मी नवव्या भागाची, शंभराव्या भागाची सवय असलेली बाई. हे चार भाग बघायला मला तीन आठवडे लागले. तिसरा भाग, ज्यात तो तेरा वर्षांचा मुलगा आणि मानसतज्ज्ञ बाई एका खोलीत बोलतात, तो मधेच बंद करून मी मुलाच्या खोलीत गेले. तो गेम खेळत होता. म्हणाला, "काय?" म्हटलं, "काही नाही." तिथेच दारात उभी राहिले जरा वेळ.

त्यात काम करणाऱ्या मुलाला, ओवेन कूपरला, पंधराव्या वर्षी एमी मिळालं. ग्रेस वगैरे माहीत नाही. पण आपल्याकडे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांबद्दल कोण काय बनवतंय? एक तर ती गोंडस असतात नाहीतर गाणी म्हणतात.

मधली_रांग
स्वागत. आणि चालेल काय, धावेल.

अनवट_अनघा
वाचनमात्र, 'आत्मपॅम्फ्लेट' बघा. २०२३ चा. शाळकरी मुलगा, प्रेम, जात, आणि हे सगळं हसत हसत. लेखन परेश मोकाशी, दिग्दर्शन आशिष बेंडे. अगदी तुम्ही म्हणता तसं नाही, पण मुलं गोंडसही नाहीत. बेंड्यांचीच 'मानवत मर्डर्स' ही मराठी वेबमालिकाही चांगली आहे, सोनाली कुलकर्णी बघून दचकायला होतं.

उगाचच
'मानवत मर्डर्स' ठीक. १९७० च्या दशकातलं मराठवाड्यातलं गाव असूनही सगळ्यांचे कपडे नुकतेच इस्त्री केलेले.

आगाऊ_कार्टं
उगाचच, तुम्हाला शेवटचं काय आवडलं होतं?

उगाचच
'जारण' आवडला. अमृता सुभाषमुळे. झोप लागली नाही त्या रात्री. खोटं का बोलू.

शेंगदाणा
उगाचचना काहीतरी आवडलं! धागा वाचनखुणेत टाकला.

नवी_आजी
धागा उशिरा दिसला. मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली बरीच वर्षं पेपर तपासले. तुम्ही मंडळी 'ग्रेस' शब्द चुकीचा वापरताय, म्हणून लिहिते.

ग्रेस सगळ्यांना देत नसतात. पस्तीसला पास असेल तर बत्तीस-तेहतीसवाल्याला देतात. कोऱ्या पेपराला देत नाहीत, आणि साठवाल्याला द्यायची गरजच नसते. अनघाताईंचे दोन्ही सिनेमे साठ-सत्तरवाले, ते या वादातून बाहेर काढा. मधली_रांग यांना झोप लागली तो कदाचित कोरा पेपर असेल. त्याला 'सुंदर अनुभव' लिहिणं म्हणजे ग्रेस नव्हे, कॉपी करू देणं.

दुसरं, ग्रेस देताना पेपर दोनदा वाचावा लागतो. कुठे अर्धा मार्क निघतोय का, पोरानं आकृती तरी बरी काढलीय का, ते शोधावं लागतं. ते काम आहे. 'छायाचित्रण छान' म्हणून सही मारणं हे काम नव्हे.

तेव्हा प्रश्न असा विचारा. तुमचा बत्तीसवाला कोण? ज्याला तुम्ही पेपर दोनदा वाचून वर ओढलंत?

माझा सांगते, 'नाच गं घुमा'. दुसऱ्या अर्ध्यात फार पसरलाय, कमी गडबड चालली असती. पण घरकामाला येणाऱ्या बाईशिवाय घर कसं कोलमडतं आणि तरी तिच्याशी आपण कसं बोलतो, हे नम्रता संभेराव आणि मुक्ता बर्वे यांच्यात जे दिसतं त्याला मी तीन मार्क दिले. सिनेमा बघून आले आणि आमच्या सुमनचा पगार वाढवला. सिनेमानं सांगितलं म्हणून नाही. मला लाज वाटली म्हणून.

कानसेन
आजी, साष्टांग. माझा बत्तीसवाला, २०२३ चा 'श्यामची आई'. कृष्णधवल करायची हिंमत केली म्हणून दोन मार्क, जात्याच्या आवाजासाठी एक.

कुडाळचो_पावणो
'घरत गणपती'. गोष्ट ओळखीची, पण गणपतीत सगळं घर एका छपराखाली कसं भांडतं ते बरोबर पकडलंय. कोकणी माणूस म्हणून दीड मार्क पक्षपात.

बॅकबेंचर
आजींचं ऐकून माझं मत बदललं असं लिहिणार होतो, पण बदललेलं नाही. मी 'फसक्लास दाभाडे'ला सरळ पाच दिले. आम्ही तीन भावंडं आहोत आणि तसेच भांडतो.

सासूबाईंचा_रिमोट
सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी कुणाला नापास करत नाही, चॅनल बदलते."

आगाऊ_कार्टं
नवी_आजी, मला गणितात खरंच बत्तीस होते. तो पेपर तुम्ही तपासला असेल तर धन्यवाद.

नवी_आजी
मी मराठी तपासायचे. तुझे प्रतिसाद वाचून वाटतं तिथेही लागले असणार.

शेंगदाणा
:D :D आजी जिंकल्या.

आगाऊ_कार्टं
दंडवत आजी. पण मूळ प्रश्न तसाच आहे. मधली_रांग ताई, कोरा पेपर कुणाचा? आजींनीसुद्धा विचारलंय आता.

मधली_रांग
सांगणार होते. नाव टाइपही केलं होतं. इतक्यात नवऱ्यानं फोन पुढे केला. मामेबहिणीचा मेसेज, 'वहिनी, तो ग्रेस मार्कांचा धागा तुमचाच ना? मी रोज वाचते.'

सिनेमा सुंदर होता. सगळ्यांनी थिएटरात जाऊनच बघा. छायाचित्रण तर फारच छान.